गुगल ट्रेंड्सवर जगातला नंबर एकचा खेळ शोधला: एका स्पोर्ट्स दुकानदाराचा रिव्ह्यू, साडेतीन स्टार

आधीच सांगून टाकतो, मी काय डेटावाला माणूस नाही. कोल्हापुरात खेळाच्या सामानाचं दुकान आहे, वडिलांनी चालू केलेलं, आता मी बघतो. बॅट, टेनिस बॉल, फुटबॉल, शटल, कॅरमच्या सोंगट्या, शाळेच्या स्पोर्ट्स डेला लागणारे कप आणि मेडल, असलं सगळं. माल बराचसा मेरठ नाहीतर जालंधरवरनं येतो आणि वर्षातनं दोनदा तरी हा प्रश्न पडतोच की या वेळी पैसे कशात घालायचे. त्यासाठी गुगल ट्रेंड्स वापरायला लागलो, आता सव्वा वर्ष झालं. रिव्ह्यू लिहावा म्हटलं कारण नेटवर याचे जे रिव्ह्यू दिसतात ते सगळे मार्केटिंगवाल्यांनी मार्केटिंगवाल्यांसाठी लिहिलेत, आमच्यासारख्यानं वाचून काय करायचं.

सुरुवात झाली ती हॉकी स्टिकपासनं. तीन वर्षांपूर्वी एक सप्लायरचा माणूस आला, चहा झाला, आणि मोबाईल काढून त्यानं एक यादी दाखवली, जगातले टॉप दहा खेळ. तुम्ही पण बघितली असणार, व्हॉट्सअॅपवर दर सहा महिन्यांनी येते. फुटबॉल ३५० कोटी चाहते, क्रिकेट २५० कोटी, हॉकी २०० कोटी, आणि मग टेनिस, व्हॉलीबॉल असं खाली खाली. तो म्हणाला साहेब जगात तिसऱ्या नंबरचा गेम आहे आणि तुमच्या दुकानात एक स्टिक नाही. मला पण वाटलं खरंच की. दोन डझन घेतल्या. तीन वर्षांत सात गेल्या, त्यातल्या चार एका शाळेनं नेल्या, आणि बाकी तीन कुणी कशासाठी नेल्या ते मी विचारलं नाही, त्या दोघांच्या चेहऱ्यावरनं ते खेळायला चाललेत असं वाटत नव्हतं.

भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, दिवाळीत आला होता, त्यानं त्या सतरा स्टिक बघितल्या आणि पोट धरून हसला. म्हणाला, मामा, तुम्ही फॉरवर्ड बघून माल भरता होय, ट्रेंड्सवर बघायचं की. असं ते चालू झालं.

तर हे नक्की आहे काय. गुगलवर लोक जे शोधतात त्याचा आलेख फुकटात बघायला मिळतो. २००६ साली चालू झालंय, डेटा २००४ पासनंचा आहे, लॉगिन लागत नाही, मोबाईलवर पण चालतं. एका वेळी पाच शब्द शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येते, देश निवडता येतो, भारतात राज्यापर्यंत खाली जाता येतं, आणि नुसत्या वेब सर्चच्या ऐवजी यूट्यूबवरचं शोधणं किंवा शॉपिंगचं शोधणं पण वेगळं बघता येतं. पैशाच्या मानानं तक्रार करायला जागाच नाही, कारण पैसेच नाहीत.

पण आकडा वाचायला शिकावं लागतं आणि इथंच ९० टक्के लोक घसरतात, मी पण घसरलो. आलेखावर ० ते १०० असा आकडा असतो. हे १०० म्हणजे १०० लोक नाहीत, १०० लाख पण नाहीत. दुकानाच्या भाषेत सांगतो. समजा माझ्याकडं दिवसभरात आलेल्या गिऱ्हाइकांपैकी शेकडा किती जणांनी फुटबॉल मागितला हे मी वर्षभर लिहून ठेवलं, आणि ज्या दिवशी ते प्रमाण सगळ्यात जास्त होतं त्या दिवसाला १०० म्हटलं, आणि बाकी सगळे दिवस त्याच्या मापानं मोजले, तर जे काय होईल ते ट्रेंड्स. म्हणजे हा गल्ला नाही. त्या दिवशी दुकानात ४० माणसं आली का ४०० हे यातनं कळतच नाही. सगळी सर्च पण मोजत नाहीत, त्यातला नमुना घेतात, त्यामुळं तोच शब्द आज आणि चार दिवसांनी टाकला तर आकडा एकदोननं इकडंतिकडं होतो, घाबरायचं नाही. आलेखावर मध्येच २०११, २०१६ आणि २०२२ च्या जानेवारीला एक छोटी नोंद दिसते, तिथं त्यांनी मोजायची पद्धत सुधारली असं लिहिलंय. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं २०२२ च्या जानेवारीत काहीतरी मोठी मॅच झाली असणार, अर्धा तास शोधत बसलो.

आता माझा पहिला प्रयोग ऐका. नुसतं 'क्रिकेट' टाइप केलं, इंग्रजीत, आणि अमेरिका निवडली. आलेख बघून मी खुर्चीतनं उठलो, अमेरिकेत एवढं क्रिकेट बघतात? २००४ पासनं? बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली खाली काय लिहिलंय ते वाचा आधी. खाली लोक त्या शब्दाबरोबर आणखी काय शोधतात त्याची यादी असते, त्यात सगळं मोबाईलचं, फोन, प्लॅन, जवळचं स्टोअर. अमेरिकेत क्रिकेट वायरलेस नावाची मोबाईल कंपनी आहे, एटी अँड टीच्या मालकीची, आणि मी जे बघत होतो ते बिचारे बिल भरणारे लोक होते. वर आणि इंग्रजीत क्रिकेट म्हणजे रातकिडा पण.

चूक माझीच होती. शब्द टाइप केला की खाली पर्याय येतात, एकाखाली बारीक अक्षरात 'सर्च टर्म' असतं आणि दुसऱ्याखाली 'स्पोर्ट' किंवा 'टॉपिक'. सर्च टर्म घेतली तर ती अक्षरं जशी टाइप केली तशीच मोजली जातात, मग तो किडा असो नाहीतर सिमकार्ड. टॉपिक घेतला तर गुगल त्या विषयाचं सगळं, वेगवेगळ्या भाषांतलं, वेगवेगळ्या स्पेलिंगचं, एकत्र धरतं. म्हणजे कुणी मराठीत कबड्डी लिहिलं, कुणी इंग्रजीत, कुणी एक डी कमी घातला, तरी टॉपिकमध्ये ते एकाच खात्यावर जमा. खेळ बघायचा असेल तर डोळे झाकून टॉपिक घ्या, या एका गोष्टीसाठी जरी हा रिव्ह्यू वाचला तरी बास.

फुटबॉलचं तर विचारूच नका. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे तो हेल्मेटवाला, आपला तो त्यांच्यात सॉकर. ऑस्ट्रेलियात फूटी म्हणजे राज्य बदललं की खेळ बदलतो, मेलबर्नला एक, सिडनीला दुसराच. आणि हॉकी. कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची, स्केट घालून, रबराची चकती मारतात ती, आपल्या ध्यानचंदांच्या हॉकीशी तिचा संबंध काठीपुरता. हे बघितलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला की सप्लायरच्या यादीतले ते २०० कोटी, बर्फावरची आणि मैदानावरची अशा दोन्ही हॉकी एका पोत्यात घातल्याशिवाय होणंच शक्य नाही, आणि घातल्या तरी मला शंका आहे. माझ्याकडच्या स्टिकनं कॅनडातला माणूस काय करणार, चूल पेटवणार.

बरं, टॉपिक नीट लावून जगाचा आलेख काढला की काय दिसतं. फुटबॉल वर, आणि नुसता वर नाही, बराच वर. त्यात चार वर्षांनी एक सुळका येतो, २०१४, २०१८ च्या जून जुलैत आणि २०२२ ला नोव्हेंबर डिसेंबरमध्ये कारण कतारच्या उन्हामुळं वर्ल्ड कप हिवाळ्यात घेतला. १८ डिसेंबर २०२२ ची अर्जेंटिना फ्रान्स फायनल आठवत असेल, त्या वेळी गुगल सर्चवर २५ वर्षांतला सगळ्यात जास्त ट्रॅफिक आला असं सुंदर पिचाईंनी स्वतः ट्विट केलं होतं. आमच्या पेठेत त्या महिन्यात मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे कटआउट गल्लीच्या तोंडाला उभे होते, गणपतीला असतात तसे, आणि निळ्यापांढऱ्या जर्सी मी तीन वेळा मागवल्या तरी पुरल्या नाहीत. त्यामुळं हा सुळका मला पटला, तो मी काउंटरवरनं बघितलाय.

क्रिकेटचा आलेख दिसायला वेगळा. जगाच्या नकाशावर दोन्ही टॉपिक लावले की भारत, पाकिस्तान, श्रीलंका हा आपला पट्टा क्रिकेटच्या रंगात आणि बाकी बहुतेक जग फुटबॉलच्या. ते बघून आपल्यातला एखादा नाराज होतो, माझा मोठा भाऊ झाला, म्हणाला एवढीशी जागा? अरे पण त्या एवढ्याशा जागेत दीडशे कोटींच्या वर माणसं राहतात, नकाशाला माणसं दिसत नाहीत, जमीन दिसते. कॅनडा, रशिया रंगले की नकाशा भरल्यासारखा वाटतो.

देशांची यादी पण अशीच फसवते. तिथं लोक किती यावर नंबर नाही, त्या देशातल्या एकूण शोधण्यापैकी किती वाटा त्या खेळाचा यावर नंबर. त्यामुळं एखादा चिमुकला देश मोठ्या देशाच्या वर दिसतो आणि लोक स्क्रीनशॉट टाकतात की बघा भारतापेक्षा तिथं क्रिकेटचं वेड जास्त. असेल पण. चार जणांच्या घरात तिघं क्रिकेटवेडे असले तर टक्केवारी ७५ येते, म्हणून काय त्या घराला स्टेडियम बांधायचं.

सगळ्यात मोठं भगदाड म्हणजे चीन. तिथं गुगल चालत नाही, लोक बायडू वापरतात, त्यामुळं १४० कोटी लोकांच्या आवडीचा यात जवळजवळ पत्ताच नाही. आता टेबल टेनिस आणि बॅडमिंटनमधनं चीन काढला तर काय राहिलं? बास्केटबॉलचं पण तेच, तिथं एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचं, प्रचंड वेड आहे. रशियात यांडेक्स, कोरियात नेव्हर, म्हणजे तिथलं पण अर्धवट. तरीपण हे टूल वर 'वर्ल्डवाइड' असं लिहितं. वर्ल्डवाइड म्हणजे गुगल जिथं जिथं आहे तेवढंच वाइड, हे मनात धरून बघायचं.

आणखी एक गोष्ट मला बराच वेळ कळली नव्हती ती भाच्यानं सांगितली. मी विचारलं, आयपीएल चालू असताना क्रिकेटची रेघ अजून वर का जात नाही. तो म्हणाला, मामा, तुम्ही स्कोअर कुठं बघता? मी म्हटलं अॅपवर. मग तुमची सर्च गुगलला कुठनं दिसणार? बरोबर आहे. जो रोज खेळ बघतो त्याला शोधायची गरज नसते, त्याचं अॅप उघडंच असतं, टीव्ही लावलेलाच असतो. आणि शोधलं तरी माणूस काय 'क्रिकेट' असं लिहितो का, तो दोन टीमची नावं लिहितो नाहीतर कोहली किती झाले ते विचारतो. म्हणजे ट्रेंड्स आवड मोजत नाही, ते कुतूहल मोजतं. माहीत नसलेला माणूस जास्त शोधतो.

याचा सगळ्यात सुंदर नमुना ऑलिम्पिकमध्ये. ७ ऑगस्ट २०२१ ला नीरज चोप्रानं टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकला आणि भारताच्या आलेखात भालाफेक हा टॉपिक जमिनीतनं उगवल्यासारखा उभा राहिला, आणि नंतर परत आडवा. मग १ ऑगस्ट २०२४ ला आमच्या जिल्ह्याचा, कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेऊन आला. त्या आठवड्यात माझ्या दुकानात निदान पंधरा पालक एअर रायफल विचारायला आले. मी ठेवत नाही. एक काका पोराला घेऊन आलेले, पोरगं सात वर्षांचं, म्हणाले याचा डोळा लई शार्प आहे, काहीतरी द्या. मी त्यांना शेवटी डार्ट बोर्ड दिला. ऑगस्ट संपला, विचारणारं कुणी नाही. हा सुळका आणि वर्ल्ड कपचा सुळका कागदावर सारखेच दिसतात, पण एकात माल संपतो आणि एकात फक्त चौकशा होतात, आणि चौकशीवर माल भरणारा दुकानदार किती दिवस टिकतो ते आमच्या लाइनमध्ये कुणालाही विचारा.

आता तुम्ही म्हणाल ट्रेंड्स एवढं लंगडं तर मग दुसरं मोजमाप घ्या की. घेतलं. सव्वा वर्षात रात्री दुकान बंद केल्यावर हाच उद्योग केला, बायको म्हणते स्टिक विकायचं सोडून संशोधन चाललंय. आणि गंमत अशी झाली की जे मोजमाप घ्याल त्याचा राजा वेगळा.

टीव्ही घ्या. २०१८ ची फुटबॉल वर्ल्ड कप फायनल १०० कोटींच्या वर लोकांनी बघितली असं फिफानं सांगितलं, ११२ कोटी. ही म्हणजे रीच, चॅनल बदलता बदलता थोडा वेळ थांबला तो पण धरला. त्याच अहवालात पूर्ण सामन्याच्या मिनिटामिनिटाची सरासरी किती तर ५१.७ कोटी. निम्म्यापेक्षा कमी! दोन्ही आकडे खरे आहेत, कुठला छापायचा ते ज्याच्या त्याच्या सोयीवर. आपल्याकडं २०१४ ला प्रो कबड्डी चालू झाली तेव्हा पहिल्याच सीझनला ४३.५ कोटी प्रेक्षक अशी बातमी आली होती, त्या वर्षीच्या आयपीएलचे ५५.२ कोटी, म्हणजे कबड्डी अगदी मानगुटीवर. ही पण रीच. मी त्या वर्षी कबड्डीचे नी कॅप आणि शूज भरले होते, ते गेले पण सावकाश. अमेरिकेतला सुपर बोल, म्हणजे त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलची फायनल, २०२५ ला सरासरी १२.७७ कोटी लोकांनी बघितला, तो आकडा सरासरी आहे आणि जवळजवळ सगळा एका देशातला आहे, तो फिफाच्या रीचशेजारी ठेवून बिचाऱ्याला छोटं म्हणणं म्हणजे एकाची नेट कमाई आणि दुसऱ्याची उलाढाल लावून तुलना केल्यासारखं आहे.

पैसा घ्या. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच सीझनचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना गेले. अमेरिकेच्या एनएफएलनं, म्हणजे त्याच हेल्मेटवाल्या फुटबॉलच्या लीगनं, २०२१ ला अकरा वर्षांचा जो करार केला तो साधारण ११० अब्ज डॉलरचा. पैशात तो हेल्मेटवाला फुटबॉल जगात पहिला, आणि आमच्या शिवाजी पेठेत त्याचे नियम सांगू शकेल असा एक माणूस दाखवा. श्रीमंत गिऱ्हाईक आहे एवढाच त्याचा अर्थ.

किती देश खेळतात ते घ्या. फिफाचे सभासद २११, बास्केटबॉलचे २१२, व्हॉलीबॉलचे २२२, आणि टेबल टेनिसचे २२७. युनोचे देश १९३ आहेत हो. म्हणजे या हिशोबानं जगात पहिला नंबर टेबल टेनिसचा, आणि क्रिकेट? सभासद शंभरच्या थोडे वर, त्यातले पूर्ण सभासद फक्त १२. चाहते किती यावर आयसीसीनं २०१८ ला स्वतः संशोधन करून सांगितलं, १६ ते ६९ वयाचे १०० कोटींच्या वर चाहते, त्यातले ९० टक्के भारतीय उपखंडात, आणि ३९ टक्के बायका. हे वाचल्यावर मी परत त्या सप्लायरच्या यादीकडं बघितलं. खुद्द क्रिकेटची संघटना १०० कोटी म्हणते आणि यादीवाला २५० कोटी देऊन बसलाय. स्वतःच्या मालाचा भाव कमी सांगणारी संघटना मी तरी बघितलेली नाही, त्यामुळं १०० कोटीच खरे धरायचे.

आणि स्टेडियममधली माणसं मोजली तर? इथं मी चाट पडलो. २०२३ चा क्रिकेट वर्ल्ड कप आपल्याकडं झाला, ४८ सामने, एकूण साडेबारा लाख प्रेक्षक, आयसीसीच्या कुठल्याही स्पर्धेतला विक्रम. आणि २०१७ ला आपल्याच देशात पोरांचा, सतरा वर्षांखालचा फुटबॉल वर्ल्ड कप झाला होता, ५२ सामने, १३.४७ लाख प्रेक्षक. जास्त! भारतात! आमचा कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता त्या टीममध्ये, इथनं पोरं गाड्या करून दिल्लीला बघायला गेलेली. आता तिकिटं स्वस्त होती, शाळेची पोरं पण बसवली असतील, आणि क्रिकेटची फायनल अॅपवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक बघत होते हे पण खरंय, पण आकडा तो आकडा. भावाला सांगितलं तर तो म्हणाला खोटं आहे. दाखवल्यावर म्हणाला, असेल.

ऑलिम्पिकवाल्यांनी तर खेळांचे गटच पाडलेत, टीव्ही, इंटरनेट, तिकिटांची मागणी, पेपरातल्या बातम्या हे सगळं एकत्र करून, त्यावरनं कुठल्या संघटनेला किती पैसे ते ठरतं. त्यात २०१३ ला वरच्या गटात कोण होतं? अॅथलेटिक्स, पोहणं आणि जिम्नॅस्टिक्स. फुटबॉल दुसऱ्या गटात. माझ्या मते कारण असं की ऑलिम्पिकमधला फुटबॉल लोक वर्ल्ड कपएवढा बघत नाहीत. आणि मुंबईत ऑक्टोबर २०२३ ला त्यांची बैठक झाली, तिथंच २०२८ च्या लॉस एंजेलिसला क्रिकेट घ्यायचं पक्कं झालं, तेव्हा लॉस एंजेलिसचा माणूस काय म्हणाला तर विराट कोहलीचे सोशल मीडियावरचे फॉलोअर बास्केटबॉलचा लेब्रॉन, हेल्मेटवाल्या फुटबॉलचा टॉम ब्रेडी आणि गोल्फचा टायगर वूड्स तिघांचे मिळून होतात त्यापेक्षा जास्त. म्हणजे १९०० सालानंतर १२८ वर्षांनी खेळ परत आत येतोय त्यात कोहलीच्या इन्स्टाग्रामचा पण हात. हे पण एक मोजमापच झालं, आणि बघा की, चाललं.

एवढं सगळं बघून परत ट्रेंड्सवर येतो कारण रिव्ह्यू त्याचा आहे. वरची सगळी मोजमापं कुणाच्या तरी खिशाशी जोडलेली आहेत, संघटनेला स्पॉन्सर पाहिजे, चॅनलला जाहिरात पाहिजे. ट्रेंड्सला फुटबॉल जिंकला काय आणि खो-खो जिंकला काय, सोयरसुतक नाही. ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू, आणि यासाठी मी एक स्टार वेगळा देतोय.

पण त्याला छोटा प्रश्न विचारायचा. जगात कुठला खेळ मोठा हे विचारलं की ते गोंधळतं. मी आता काय करतो, महाराष्ट्र निवडतो, पाच वर्षं निवडतो, आणि 'क्रिकेट बॅट', 'फुटबॉल शूज', 'बॅडमिंटन रॅकेट' असे घ्यायच्या वस्तूंचे शब्द टाकतो. मग आकड्यापेक्षा चढ कधी चालू होतो ते बघायचं, दरवर्षी साधारण त्याच आठवड्यात होतो. मी मेरठला बॅटची ऑर्डर आयपीएल चालू झाल्यावर टाकायचो, वडील पण तेव्हाच टाकायचे, आता सुळक्याच्या दीड महिना आधी टाकतो. कश्मीर विलोच्या, म्हणजे काश्मिरी लाकडाच्या, आणि टेनिस बॉलवर खेळायच्या बॅट परीक्षा संपायच्या आत दुकानात लागलेल्या असतात, ट्रान्सपोर्टवाल्याच्या मागं लागावं लागत नाही. सर्च ४० जणांनी केली का ४०० जणांनी याच्याशी मला काय करायचंय, कधी होते एवढं कळलं तरी पोट भरतं.

नवीन माणसानं एक काळजी घ्यायची, मोठ्या खेळाशेजारी छोटा खेळ लावायचा नाही. फुटबॉलशेजारी खो-खो लावला की खो-खोची रेघ तळाला चिकटते, आकडा १ पेक्षा कमी. जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, पोरं आणि पोरी दोघांनी जिंकला, दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. फुटबॉल काढून एकटा खो-खो लावला तेव्हा कुठं मला तो डोंगर दिसला.

आणि एकदम खाली उतरलात की हे टूल आंधळं होतं. मी आमच्या तालमींची नावं टाकून बघितली, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम या तालमींच्या नावानं असतात. उत्तर आलं, दाखवायला पुरेसा डेटा नाही. अहो ज्या दिवशी पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असते त्या दिवशी शाहू स्टेडियमवर बसायला जागा नसते, पोलीस आणावे लागतात, माझ्याकडं सकाळी बुटांचे स्टड्स बदलून न्यायला पोरं शटर उघडायच्या आधी उभी असतात. गुगलला त्याचा पत्ता नाही, कारण मॅच किती वाजता हे इथं कुणी गुगलला विचारत नाही, कट्ट्यावर विचारतं.

स्टारचं बोलायचं तर वापरायला सोपं म्हणून आणि फुकट म्हणून मिळून दोन, कुणाची बाजू घेत नाही म्हणून एक, सीझन बरोबर सांगतं म्हणून अर्धा. दीड स्टार कापला तो चीन गायब आहे म्हणून आणि त्या ० ते १०० मुळं, कारण ते बघून माणसाला उगाच सगळं कळल्यासारखं वाटतं.

सप्लायरचा तो माणूस परवा परत आला होता. या वेळी पिकलबॉल, छोट्या कोर्टवर सपाट पॅडलनं प्लॅस्टिकचा बॉल मारतात तो. म्हणाला साहेब अमेरिकेत सगळ्यात फास्ट वाढणारा गेम आहे. मी म्हटलं थांब, आणि त्याच्यासमोर मोबाईल काढून महाराष्ट्र लावला. रेघ चढती आहे, नाही म्हणत नाही. चार पॅडल घेतली, चारच.

आणि सतरा स्टिक अजून आहेत, कुणाच्या शाळेत हॉकी असेल तर सांगा, खरेदीच्या भावात देतो, वर ग्रीप फुकट.